घर घेतलं, आता भाड्याचं सोडायचंय: अकरा महिन्यांचा करार मुदतीआधी कसा संपवायचा

घर घेताना स्टॅम्प ड्युटी, नोंदणी फी, एजंट, वकील, किचन ट्रॉल्या असं सगळं कागदावर मांडलं जातं. जुन्या घराचं दीड-दोन महिन्यांचं जादा भाडं मात्र त्या यादीत क्वचितच असतं. मग ईएमआय सुरू झाल्यावर भाड्याचा करार कपाटातून बाहेर येतो आणि त्यातला 'लॉक-इन' (ज्या मुदतीच्या आत घर सोडता येत नाही ती मुदत) हा शब्द पहिल्यांदा नीट वाचला जातो.

इथे दिलेली माहिती महाराष्ट्रातल्या लिव्ह अँड लायसन्स कराराची आहे, म्हणजे पुण्या-मुंबईत ज्याला आपण 'अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट' म्हणतो त्याची. (तीन-पाच वर्षांचे करारही याच प्रकारात मोडतात.) यात एक क्रम पाळला तर बहुतेक पैसे वाचतात: मालकाशी बोलणं लवकर, लेखी नोटीस उशिरा. लोक नेमकं उलट करतात. महिनोन्महिने मालकाला कळू देत नाहीत आणि बिल्डरचा "पुढच्या महिन्यात चाव्या देतो" असा फोन आला की त्याच संध्याकाळी नोटीस पाठवतात.

आधी करार वाचा, तोही नोंदणी झालेला

एजंटनं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मसुदा नको, अंगठ्याचे ठसे आणि फोटो असलेली शेवटची प्रत हवी. पीडीएफ एजंटकडे असतेच. नसली तर दस्त क्रमांकावरून दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत काढता येते.

हा आग्रह उगाच नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे लेखी लायसन्स करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा धरला जातो. "अहो, लॉक-इन नुसतं लिहायला लागतं म्हणून लिहिलंय, तुम्ही कधीही सोडा" असं मालक सह्या करताना म्हणाले असतील, आणि मनापासून म्हणाले असतील. तरी कागदावर सहा महिने लिहिलं असेल तर सहा महिनेच.

वाचताना चार जागी पेन्सिलीनं खूण करा. लॉक-इन किती आणि कुणावर, फक्त तुमच्यावर की दोघांवर? नोटीस किती दिवसांची आणि कशी द्यायची? डिपॉझिट कधी परत करायचं? रंगकाम, साफसफाई यासाठी ठरलेली कपात लिहिली आहे का?

लॉक-इनच्या कलमातला एकेक शब्द महाग असतो. "लॉक-इन कालावधी संपल्यानंतर एक महिन्याची नोटीस देऊन" असं लिहिलेलं असेल तर सहा महिने पूर्ण झाल्यावर नोटीस, आणि त्यानंतर आणखी महिना. म्हणजे खरं लॉक-इन सात महिन्यांचं. "लॉक-इन काळात करार रद्द करता येणार नाही" एवढंच असेल तर पाचव्या महिन्याच्या शेवटी नोटीस देऊन सहाव्याच्या शेवटी बाहेर पडता येतं. निदान तसं ठामपणे म्हणता तरी येतं. तिसरा प्रकार: "लॉक-इनपूर्वी सोडल्यास एक महिन्याचे भाडे वजा केले जाईल". हे वाक्य असेल तर नशीब म्हणा, तुमचा खर्च आधीच ठरलेला आहे.

डिपॉझिटच्या कलमात "ताबा देतेवेळी" हे शब्द हवेत. "ताबा दिल्यापासून ३० दिवसांत" असेल तर ते पैसे नव्या घराच्या खर्चात धरू नका. "नवीन भाडेकरू मिळाल्यानंतर" असेल तर विसराच. मुंबईत हेवी डिपॉझिटवर, म्हणजे मोठी अनामत देऊन नाममात्र भाड्यात, राहणाऱ्यांसाठी हा खरा धोका आहे. मालकाकडचे आठ-दहा लाख रुपये बिल्डरच्या शेवटच्या हप्त्यासाठी मोजून ठेवलेले असतात आणि मालकानं ते केव्हाच दुसरीकडे गुंतवलेले असतात. नवा माणूस येऊन त्याचं डिपॉझिट भरेपर्यंत तो तुमचं देऊच शकत नाही. असे पैसे घराच्या ओन काँट्रिब्यूशनमध्ये, म्हणजे कर्जाशिवाय स्वतः भरायच्या रकमेत, धरायचेच नाहीत.

करार नोंदवलेलाच नसेल तर? त्याच कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची असते. नोंदवला नाही तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडही होऊ शकतो. हे माहीत असू द्या. बोलणीच्या सुरुवातीलाच मालकाच्या तोंडावर मात्र फेकू नका. डिपॉझिट अजून त्याच्याच हातात आहे.

लॉक-इन तोडलं तर मालक खरंच सगळं भाडं घेऊ शकतो का

कागदावर "उर्वरित लॉक-इनचे संपूर्ण भाडे देय राहील" असलं, तरी भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ सांगतं की करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा आहे. त्या मर्यादेत जी भरपाई वाजवी असेल तीच मिळते. सर्वोच्च न्यायालयानं १९६३ च्या फतेह चंद खटल्यात आणि पुन्हा २०१५ च्या कैलाश नाथ असोसिएट्स खटल्यात हे मांडलं आहे. कलम ७३ च्या स्पष्टीकरणानुसार, नुकसान कमी करण्यासाठी मालकाला काय करता आलं असतं हेही विचारात घेतलं जातं. म्हणजे तुम्ही गेल्यावर पंधरा दिवसांत नवा भाडेकरू आला, तर त्याच महिन्यांचं भाडं दोघांकडून वसूल करणं टिकायला कठीण.

पण पन्नास हजारांसाठी दिवाणी दावा कुणी लावत नाही. वकिलाची फी आणि तारखांमध्येच ते पैसे जातात. त्यामुळे ही कलमं बोलणीत हळूच ठेवायला उपयोगी आहेत, भांडायला नाहीत. खरा हुकमाचा पत्ता म्हणजे नवा भाडेकरू. त्याच्याकडे येऊच.

एक हिशेब मांडून बघू

समजा पुण्यात भाडं २८,०००, डिपॉझिट १ लाख. करार १ जून ते ३० एप्रिल, लॉक-इन सहा महिने, म्हणजे ३० नोव्हेंबरपर्यंत. नोटीस एक महिना. नव्या घराची किल्ली सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मिळते, १ ऑक्टोबरला राहायला जायचं आहे.

नोटीस लॉक-इनच्या आत चालत असेल तर ऑक्टोबर आणि नोव्हेंबर, ५६,००० रुपये. नोटीस लॉक-इननंतरच द्यायची असेल तर डिसेंबरही धरा: ८४,०००. एक लाखातले सोळा हजार हातात येतील, तेही रंगाचे पैसे कापले नाहीत तर.

आता नवा भाडेकरू १६ ऑक्टोबरपासून मिळाला असं धरा. अर्ध्या महिन्याचं भाडं १४,०००. त्याच्या कराराचा सरकारी खर्च फार नसतो: अकरा महिन्यांचं भाडं ३,०८,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दरानं काल्पनिक व्याज मिळवायचं, आणि या बेरजेच्या पाव टक्का, म्हणजे साधारण ८०० रुपये मुद्रांक. शहरी हद्दीत नोंदणी फी १,०००, ऑनलाइन दस्त हाताळणी ३००. झाले २,१००. घरी येऊन ठसे घेणाऱ्याचे वेगळे. मालकाच्या वाट्याची दलाली तुम्ही भरायचं कबूल केलं तर ती शून्यापासून एका महिन्याच्या भाड्यापर्यंत कितीही. एकूण १६,००० ते ४४,०००. दलालीसकट धरलं तरी ५६,००० पेक्षा कमीच.

चौथी वाट म्हणजे एक महिन्याचं भाडं, २८,०००, देऊन मिटवणं. भाडं चढत्या भावात असलेल्या भागात मालक याला आनंदानं तयार होतो, कारण नव्या माणसाकडून त्याला दोन-तीन हजार जास्त मिळणार असतात.

आणि एक वाट लोकांना सुचतच नाही. दोन महिन्यांचं भाडं द्यावंच लागणार असेल, तर जुन्या घरात राहा ना! नव्या घरात सुतार, पेंटर, प्लंबर यांना मोकळं रान द्या. तुम्ही राहत असताना काम काढलं तर ते लांबतं, धूळ पोटात जाते आणि नव्या सोफ्यावर पॉलिशचे डाग पडतात ते वेगळंच.

हे सगळं मोजताना ईएमआय मध्ये आणू नका. ५० लाखांचं कर्ज, ८.५ टक्के, वीस वर्षं असेल तर हप्ता सुमारे ४३,४०० बसतो. तो जुनं घर सोडलं काय, ठेवलं काय, जाणारच आहे. फक्त ते दोन महिने खात्यातून दरमहा एकाहत्तर हजार जाणार, एवढी रोख बाजूला हवी.

नोटीस कधी द्यायची

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत बिल्डरनं तोंडी दिलेली तारीख ही तारीख नसते. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याचा अधिकृत दाखला (ओसी), हाती आल्याशिवाय नोटीस देऊ नका. 'फिट-आउटसाठी पझेशन' या नावाखाली किल्ली मिळते, पण ओसी नसते. सुतारकाम करायला ठीक, राहायला जायला नाही. अशा इमारतीत अधिकृत पाणी नसतं, लिफ्टचं परवान्याचं काम बाकी असतं आणि मीटर कधीकधी बांधकामाचाच असतो.

ओसी आल्यावर घाईचं कारणही नाही. रेरा (बिल्डर आणि घरखरेदीसंबंधीच्या) कायद्याच्या कलम १९(१०) प्रमाणे ओसी मिळाल्यापासून दोन महिन्यांत ग्राहकानं ताबा घ्यायचा असतो. एक महिन्याची नोटीस या दोन महिन्यांत आरामात बसते. बिल्डरनं करारातली तारीख चुकवली असेल तर कलम १८ खाली उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज मागता येतं. महाराष्ट्रात त्याचा दर स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेनं कर्जासाठी ठरवलेला मूळ व्याजदर) अधिक २ टक्के असा आहे. तो मागणं ही वेगळी लढाई आहे, भाड्याच्या हिशेबात ते पैसे धरू नका.

रिसेल घरात अडकण्याची जागा वेगळी. विकणाऱ्याचं कर्ज असेल तर तुमची बँक आधी त्याच्या बँकेत पैसे भरते, मग मूळ कागद सुटतात. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे, म्हणजे महिनाभर लागू शकतो हे गृहीत धरा. विकणारा स्वतः त्या घरात राहत असेल तर तो कुठे जाणार आणि कधी, हे विचारून घ्या. तिथे भाडेकरू असेल तर त्याचीही नोटीस चालू असायला हवी. तुमच्या घराच्या किल्लीची तारीख तिसऱ्याच माणसाच्या टेम्पोवर अवलंबून असते.

यात मुहूर्त मिळवा. पितृपक्षात गृहप्रवेश करायला बहुतेक घरांत नाही म्हणतात, चातुर्मासात वास्तुशांत टाळणारी घरंही पुष्कळ. नोटीस दिली, तीस तारीख ठरली आणि मग आईनं पंचांग उघडलं, की दोन आठवडे हॉटेलात किंवा मावशीकडे. तेव्हा आधी मुहूर्त, मग नोटीस. कलश ठेवून, दूध उतू घालवून राहायला जायचं आणि वास्तुशांत नंतर करायची हा मधला मार्ग घरात चालणार असेल, तर तेही आधीच ठरवून घ्या. पितृपक्षाचा फटका दुसऱ्या बाजूनंही बसतो: त्या पंधरवड्यात नवे भाडेकरूही घर बघायला फारसे येत नाहीत. पुण्यात भाडेकरूंची वर्दळ जून-जुलैत असते, तेव्हा मे अखेरीस घर रिकामं करणाऱ्याला लॉक-इनची सवलत सहज मिळते.

किल्ली मिळाल्यापासून राहायला जाण्यापर्यंत किती दिवस? नुसता रंग आणि जाळ्या असतील तर पंधरा. मॉड्युलर किचन असेल तर मापं घेतल्यापासून पाच-सहा आठवडे धरा, दुकानदार तीन म्हणाला तरी. गॅस, पाणी, एक चालू बाथरूम आणि लहान मूल असेल तर खिडक्यांचे ग्रिल, एवढं झालं की राहता येतं. फॉल्स सीलिंगसाठी भाडं भरत बसू नये.

नोटीस महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या आत पोचवा. तीन तारखेला दिली तर 'एक महिना' म्हणजे पुढच्या महिन्याचा शेवट असं मालक मोजतो, आणि करारात 'कॅलेंडर महिना' असेल तर त्याचं बरोबर असतं. तीन दिवसांच्या आळसाची किंमत जवळजवळ एक महिन्याचं भाडं.

मालकाशी बोलणं

घराचा करारनामा नोंदवला की मालकाला सांगून टाका, चाव्या सहा महिने लांब असल्या तरी. "काका, आम्ही घर बुक केलंय, दिवाळीच्या आसपास ताबा आहे. नक्की तारीख कळली की लेखी देतोच." याला नोटीस म्हणत नाहीत आणि तुम्ही कशालाही बांधले जात नाही. घर घेतलं म्हटल्यावर चिडणारे मालक थोडे. पेढे देऊन सांगितलं तर जास्तच थोडे.

घर शोधत असतानाच करार नव्यानं करायची वेळ आली, तर याहून चांगली संधी नाही. एजंटला सांगून एक वाक्य घालून घ्या (करारात भाडेकरूला 'लायसन्सी' म्हणतात): "लायसन्सीने स्वतःचे घर घेतल्यास लॉक-इन लागू राहणार नाही, अशा वेळी ३० दिवसांची लेखी नोटीस पुरेशी राहील." भाडेवाढ मालकाच्या मनासारखी मान्य केलीत तर हे वाक्य सहसा फुकट मिळतं.

आता नवा भाडेकरू. मालकाला लॉक-इन हवं असतं ते घर रिकामं पडू नये म्हणून. ती भीती तुम्ही घालवली की बोलणं संपतं. शनिवार-रविवार सकाळी दहा ते एक घर दाखवायला मोकळं ठेवा, दिवसाउजेडी काढलेले आठ-दहा फोटो मालकाला द्या, ऑफिसच्या ग्रुपवर टाका. मालकाला कसा भाडेकरू हवा ते आधी विचारा, नाहीतर तुम्ही आणलेली तीन माणसं तो नाकारतो आणि दिवस जातात. तरीही त्यानं नाकारलं, तर कुणाला कधी आणलं होतं याचा मेसेज ठेवून द्या. नुकसान कमी करण्याची संधी त्याला मिळाली होती, याचा तोच पुरावा.

दोन चुका इथे होतात. नव्या माणसाकडून टोकन स्वतःच्या खात्यात घेणं ही एक. दुसरी, त्याचा करार होण्याआधी "सामान ठेवा हो" म्हणून किल्ली देणं. करार तुमच्या नावावर आहे तोवर त्या घरात जे काही होईल त्याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

जे ठरेल ते त्याच दिवशी ईमेलवर लिहा. एवढं पुरतं: "आज बोलल्याप्रमाणे, नवीन भाडेकरूचे भाडे ज्या दिवसापासून सुरू होईल त्या दिवसापासून माझी भाड्याची जबाबदारी संपेल. काही वेगळे असल्यास कृपया कळवावे." मालकाचं "ओके" आलं की काम झालं.

नोटीस

करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टनं, ईमेलवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर, तिन्हीकडे. नुसतं व्हॉट्सअ‍ॅप नको. करारात 'लेखी नोटीस, नमूद पत्त्यावर' असेल तर तेवढ्यावर महिना सुरू झाला की नाही यावरून वाद होतो. मालक परदेशी असेल आणि करारावर त्याच्या वतीनं कुलमुखत्यारानं सही केली असेल, तर दोघांनाही पाठवा, आणि किल्ली कोण घेणार व डिपॉझिट कुणाच्या खात्यातून येणार हे तेव्हाच विचारा. पुण्यात अशी घरं भरपूर आहेत. वडील किल्ली घेतात आणि पैसे मुलगा न्यू जर्सीतून "या वीकेंडला" पाठवतो.

मजकूर असा ठेवा:

"दिनांक … रोजी नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार (दस्त क्र. …) मधील कलम … नुसार मी सदनिका क्र. … रिकामी करण्याची एक महिन्याची नोटीस देत आहे. मी दिनांक … रोजी सायंकाळी … वाजता सदनिकेचा ताबा आपणांस देईन. त्याच वेळी अनामत रक्कम रु. … देय बिले वजा करून माझ्या … बँकेतील खात्यात जमा करावी. घराची पाहणी त्यापूर्वी दिनांक … रोजी करावी, ही विनंती."

कारणं, आभार, तक्रारी यात नकोत. गळक्या नळाचा राग तर नकोच नको.

शेवटचं भाडं न भरता "डिपॉझिटमधून कापून घ्या" म्हणायचा मोह होतो. मालकानं लेखी हो म्हटलं तर उत्तम, दोघांचीही सोय. त्याला न विचारता केलं तर थकबाकी तुमची दिसते आणि रंग, साफसफाईची कपात मालक मग सैल हातानं करतो. मालक डिपॉझिट बुडवणारा आहे अशी पक्की शंका असेल तर लोक हा मार्ग घेतात, ते समजतं. पण करार मोडणारे मग तुम्ही असता.

पाहणी आणि ताबा

पाहणी दहा दिवस आधी करून घ्या, शेवटच्या दिवशी नाही. त्या दिवशी टेम्पो खाली उभा असतो आणि माणूस काहीही कबूल करतो. आलात तेव्हाचे फोटो काढले असतील तर ते हाताशी ठेवा. वापरानं होणारी झीज, म्हणजे फिकट पडलेला रंग, स्विचभोवतीचा मळ, ही भाड्यातच आली. फुटलेलं बेसिन, चरे गेलेला ओटा, परवानगीशिवाय पाडलेली भोकं ही तुमची.

भोकं स्वतः बुजवणं सोपं आहे. स्क्रूसाठी भोकात बसवलेला प्लास्टिकचा रावळ प्लग काढा, एक किलोची वॉल पुट्टी आणा, दाबून भरा, एक दिवस वाळू द्या, पॉलिश पेपर मारा. वरून रंग लावणार असाल तर मालकाकडून शेडचा कोड घ्या. अंदाजानं आणलेल्या पांढऱ्या रंगाचा ठिपका पिवळसर भिंतीवर भोकापेक्षा जास्त दिसतो, आणि मग मालक पूर्ण भिंतीचे पैसे मागतो.

गिझर, पंख्यांचे रेग्युलेटर, फ्लश, डासांच्या जाळ्या, एसीचे रिमोट यावर पाहणीत बोट ठेवलं जातं. बिघडलेलं तुम्हीच दुरुस्त करून घ्या. पाचशेच्या कामासाठी मालक दोन हजार कापतो, कारण त्याला माणूस शोधून आणायचा असतो.

सोसायटीला सामान हलवण्याची तारीख आधी कळवा. गेट पास, लिफ्टची वेळ, रविवारी मनाई, असे नियम जागोजागी वेगळे असतात आणि वॉचमन तिथे कुणाचंच ऐकत नाही. टेम्पो महिनाअखेरीला आणि शनिवार-रविवारी महाग पडतो. करार ३० तारखेपर्यंत असेल तर सामान २६-२७ ला हलवा. उरलेल्या दिवसांत रिकामं घर धुऊन-पुसून होतं.

डिपॉझिटचे पैसे कसे येणार याची तयारी चार दिवस आधी करावी लागते, ही गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात. यूपीआयवर साधारण दिवसाला एक लाखाची मर्यादा असते. त्याहून मोठ्या रकमेसाठी मालकाला तुमचं खातं बेनिफिशरी म्हणून जोडावं लागतं, आणि नव्या बेनिफिशरीला पहिले चोवीस तास अनेक बँका मोठी रक्कम जाऊ देत नाहीत. ताब्याच्या संध्याकाळी मालक मोबाइल पुढे करून "बघा, होतच नाहीये" म्हणतो, तेव्हा तो खरंच बोलत असू शकतो. म्हणून खाते क्रमांक नोटिशीतच द्या, आणि दोन दिवस आधी एक रुपया पाठवून बघायला सांगा.

ताब्याच्या दिवशी मालकाबरोबर प्रत्येक खोलीतून फिरा, नळ सोडा, दिवे लावा, बाहेर मीटरचा आकडा दिसेल असा फोटो काढा. मग साध्या कागदावर दोन प्रतींत ताबा पावती: तारीख, वेळ, सदनिका, किल्ल्यांची संख्या (मुख्य दाराच्या तीन, बेडरूमच्या दोन, लेटरबॉक्सची एक), सोसायटीचं कार्ड, पार्किंगचं स्टिकर, मीटर रीडिंग, डिपॉझिटची रक्कम, कपात कशाची व किती, व्यवहाराचा क्रमांक. शेवटी "दिनांक … चा करार उभयपक्षी संमतीने आज संपुष्टात आला असून एकमेकांकडे कोणतेही येणे राहिलेले नाही" हे वाक्य. दोघांच्या सह्या, जमल्यास दोन साक्षीदार. पैसे खात्यात दिसले की किल्ली.

ही पावती तुमच्याच संरक्षणासाठी आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार लायसन्स संपल्यावर ताबा दिला नाही तर भाड्याच्या दुप्पट दरानं भरपाई लागू शकते. तुम्ही किल्ली वॉचमनकडे ठेवून गेलात आणि कागद नसेल, तर ताबा कधी दिला हे सिद्ध करत बसायचं तुम्हीच. याच कारणानं डिपॉझिट मिळेपर्यंत घर अडवून बसण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. मालक पैसे देत नसेल आणि तुम्हाला जायचंच असेल, तर रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा, किल्ली स्वीकारल्याची सही घ्या, आणि येणं असलेली रक्कम त्याच कागदावर तारखेसकट लिहून घ्या. पुढे वकिलाची नोटीस, आणि त्यानंतर दिवाणी दावा. त्याची मुदत तीन वर्षं. पोलीस ठाण्यात गेलात तर 'दिवाणी बाब' म्हणून परत पाठवतील.

भाडं ५० हजारांहून जास्त असेल तर

महिन्याला पन्नास हजारांपेक्षा जास्त भाडं देणाऱ्या व्यक्तीला टीडीएस (भाड्यातून कापून मालकाच्या वतीनं सरकारकडे भरायचा कर) कापावा लागतो, १ ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के. तो आर्थिक वर्षाच्या शेवटच्या महिन्यात किंवा घर सोडण्याच्या महिन्यात, जे आधी येईल तेव्हा कापायचा असतो. दरवर्षी मार्चमध्ये कापायची सवय असते, म्हणून सप्टेंबरमध्ये सोडणारे हमखास विसरतात. भाडं ६०,००० असेल तर एप्रिल ते सप्टेंबरचे ३,६०,०००, त्यावर ७,२००. हे सप्टेंबरच्या भाड्यातून कापा आणि तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत भरा. डिपॉझिटचा हिशेब मिटल्यावर आठवलं तर ते तुमच्या खिशातून जातात, वर विवरण उशिरा भरल्याचे दिवसाला २०० रुपये. मालक अनिवासी भारतीय असेल तर हे नियम लागूच होत नाहीत. तिथे ५० हजारांची मर्यादा नाही आणि दर बराच जास्त आहे, सीएला विचारूनच करा.

एचआरएची (पगारातल्या घरभाडे भत्त्याची) करसवलत घेत असाल तर शेवटच्या महिन्यापर्यंतच्या पावत्या आणि वर्षाचं भाडं एक लाखावर असल्यास मालकाचा पॅन आत्ताच घेऊन ठेवा. जानेवारीत फोन केला तर मालक उचलतोच असं नाही.

उरतात बिलं. वीज आणि पाइप गॅस या दोन्हींची बिलं मागच्या काळाची येतात, त्यामुळे ताब्याच्या दिवशी ती शून्य होत नाहीत. मालक यासाठी दोन-तीन हजार मागे ठेवतो, ते ठेवू द्या, पण पावतीत लिहा. आकड्याचा फोटो असल्यामुळे तुमचे युनिट किती ते स्पष्ट असतं. पाइप गॅसचं बिल दोन महिन्यांनी येतं, तेव्हा त्या मीटरचाही फोटो विसरू नका. ग्राहक क्रमांक मोबाइलमध्ये ठेवा, बिल आलं की तुमचा हिस्सा भरा आणि त्याच मेसेजखाली उरलेले पैसे मागा.